मारवा कुठला खरा, रेकॉर्डवरचा की सीडीवरचा?

घरच्या ध्वनियंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तरं मात्र जिथे लांबली, तिथे लांबू दिली आहेत.

प्रश्न : वडिलांकडून उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी माझ्याकडे आली. तीच मी सीडीवरही घेतली. मित्र म्हणतात, डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे पडतात, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) पायऱ्यांची होते. मला मात्र सीडीवर शब्द आणि सूर जास्त स्वच्छ ऐकू येतात. माझे कान चुकताहेत का? (रामबाग, इंदूर)

अजिबात चुकत नाहीत. पायऱ्यांची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, पण ती खरी नाही. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीचं मोजमाप घेतलेलं असतं. त्या ठिपक्यांमधून २२,०५० हर्ट्झच्या खालची लहर पुन्हा अखंड, गुळगुळीत उभी राहते. प्लेअरमधून बाहेर येणाऱ्या आवाजात पायरी उरलेली नसते. तरुण कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, साठीच्या आसपास बहुतेकांचा १२,०००च्या आगेमागेच थांबतो. म्हणजे मींड तुटायला तिथे जागाच नाही.

उलट एलपीची एक अडचण ख्याल ऐकणाऱ्याने नीट समजून घ्यावी. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटाला जेमतेम २१. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपल्या गाण्यात शेवटाला काय येतं? द्रुत, ताना, तबल्याचा जोर. विलंबिताचा निवांत विस्तार ऐसपैस खाचेत आणि तानांची गर्दी सगळ्यात दाटीच्या खाचेत! जुन्या, झिजलेल्या सुईने द्रुत फाटल्यासारखं ऐकू येतं ते यामुळे. तुम्हाला सीडी स्वच्छ वाटते, त्याचं एक कारण बहुधा हेच.

मग रेकॉर्डवाल्यांचं सगळंच खोटं का? तसंही नाही. जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आणताना कधीकधी टेपची सूं काढायच्या नादात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंजही पुसली जाते. कधी सगळा आवाज दाबून एकाच उंचीला आणतात, मग खाँसाहेब खर्जात हळूच उतरतात तो उतार सपाट होतो. अशा वेळी एलपी नक्कीच सरस. पण तिथे दोष डिजिटलचा नसतो, ज्याने ती प्रत तयार केली त्याच्या हाताचा असतो.

निवाडा घरीच करा. सुरुवातीचा तंबोरा दोन्हींवर लावा आणि फोनमधल्या आवाजमापकाने दोन्हींची पातळी सारखी करा. हे टाळू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. मग पाठ करून बसा आणि घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. माझं विचाराल तर द्रुतासाठी मी सीडी लावतो. पण संध्याकाळी मारव्यालाच बसायचं असेल तर रेकॉर्ड काढतो, कारण बाजू संपेपर्यंत हात दुसऱ्या कशाकडे जात नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर साठ हजार रुपये यासाठी बाजूला ठेवले आहेत. बैठकीची खोली १२ बाय १४ फूट. जेल रोडवर चौकशी केली तर जो तो वॅट सांगतो. टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांत पैसे कसे वाटू? (सुदामानगर, इंदूर)

आधी घरातल्या रेकॉर्ड मोजा. दहा-पंधराच असतील तर टर्नटेबल आत्ता घेऊच नका. सीडी प्लेअर किंवा फाइल वाजवणारं साधं यंत्र घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. निम्मी रक्कम स्पीकरवर जाऊ दे. डिजिटल प्लेअर आणि बरे ॲम्प्लिफायर आज एकमेकांच्या फार जवळ आलेत, स्पीकर मात्र अजूनही एकेकाच्या स्वभावाचे असतात.

वॅटच्या आकड्याने दिपून जाऊ नका. १० वॅटचे २० केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. दुकानात स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो, ते विचारा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जितके वॅट लागतात, त्याच्या चौथ्या हिश्श्यात ९० डेसिबलचा स्पीकर तितकाच मोठा वाजतो. तुमच्या खोलीला ३०-४० वॅट पुष्कळ झाले.

आता खरी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा धातूसारखा नाद आला, तर लाखाचा स्पीकरही तिथे कर्कश वाजेल. आपल्याकडे खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना गिलावा आणि काचेच्या खिडक्या. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो. स्पीकर आणि तुमची खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, खिडकीला जड पडदा लावा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवा. मग पुन्हा टाळी वाजवा. फरक लगेच कळेल.

स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, तिथे डग्गा नुसता घुमतो, बोल कळत नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच तुमच्यापासून प्रत्येकाचं ठेवा, आणि वरचा छोटा भोंगा कानाच्या उंचीला येऊ द्या.

विकत घेण्याआधी दुकानदाराच्या गाण्यावर पारख करू नका. तुम्हाला पाठ असलेलं गाणं घेऊन जा. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाची कंपनं सेकंदाला १३९च्या आसपास, त्याच्या खालच्या खर्जातल्या षड्जाची ६९. खर्जात गवई उतरला की आवाज पातळ होत असेल, तर तो स्पीकर आपल्या गाण्याचा नाही. मग जवारी ऐका. एकेक तार वेगळी उमलायला हवी, सगळ्यांची मिळून माशीसारखी भुणभुण नको.

टर्नटेबल घ्यायचंच ठरलं, तर सुईचा भार कमीजास्त करता येतो आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बदलता येतं असंच घ्या. सुटकेसमधली देखणी यंत्रं येतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची सुई ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या कार्ट्रिजला २ ग्रॅमच्या आतबाहेर पुरतो. वडिलांच्या काळच्या रेकॉर्ड त्या सुटकेसखाली घालू नका, एवढी कळकळीची विनंती.

प्रश्न : स्पीकरच्या महागड्या वायरने आवाज सुधारतो का? (इंदूर)

नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाच मीटरच्या जोडीचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो, तुमचा स्पीकर ८ ओहमचा. टोकं घट्ट बसवा, लाल-काळं उलटं लावू नका.

प्रश्न : टर्नटेबल लावलं की ‘घूं’ असा आवाज सतत येतो. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हात लावला की बदलतो. सीडी लावली की काहीच नाही. (देवास)

देवासहून पत्र आलं की कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) टेकडीची आठवण होतेच. असो. तुमचं टर्नटेबल बिघडलेलं नाही. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, चुंबकी कार्ट्रिज ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशेपट कमी. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाच इतकी हेलकावेल की बाजूवर गाणं मावणार नाही. तो दाबलेला खर्ज फोनो प्रीॲम्प, म्हणजे रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, पुन्हा वर उचलतो. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची, नेमकी त्याच खर्जात, म्हणून तीही सोबत उचलली जाते.

हाताच्या स्पर्शाने आवाज बदलतो, म्हणजे अर्थिंगची जोडणी तुटलेली आहे. टर्नटेबलमागून सिग्नलच्या दोन वायरींबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असते. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला लावा. दहातल्या आठ घरांत ती नुसती लोंबत असते, असा माझा अनुभव. तरीही घरघर राहिली तर इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लगच्या तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग पोचतंय का, ते तपासून घ्या. जुन्या वाड्यांत ती पिन नुसती शोभेला असते, आणि मग हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न होतो.

प्रश्न : माळ्यावर ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डची पेटी सापडली. आजच्या टर्नटेबलवर वाजतील का, आणि धुवायच्या कशा? (लोकमान्यनगर, इंदूर)

धुण्याचं आधी, कारण तिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही. या तबकड्या लाखेच्या. सुतार लाकडाला पॉलिश करायला चपडी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. शिकत असताना मी एका रेकॉर्डवरची धूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि चार बोटांएवढा पट्टा डोळ्यांदेखत निस्तेज झाला. तिथे आजही फक्त खरखर वाजते. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मधला कागद कोरडा ठेवून खाचेच्या दिशेने फिरवायचं, साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा धुवायचं आणि लगेच टिपून उभं वाळवायचं. उन्हात ठेवायचं नाही.

वाजवायला ७८चा वेग असलेलं टर्नटेबल आणि वेगळी सुई लागते. एलपीच्या गोल सुईचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ला ७५च्या आसपासचं लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला घासते आणि गाण्याऐवजी तळाचा कचरा वाजवते.

वेगाकडे विशेष लक्ष द्या. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणं अर्ध्या सुराने सरकतं; काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि आवाजही बालिश होतो. शिवाय फार जुन्या रेकॉर्ड नेमक्या ७८वर भरलेल्या असतीलच असं नाही. वेग तपासायची चकती वापरणार असाल तर ती ५० हर्ट्झसाठी छापलेली हवी, म्हणजे ७८च्या वर्तुळात ७७ रेघा. आणि ती निऑनच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात बघा. बरेचसे एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत. त्यांच्या उजेडात रेघा स्थिर दिसणारच नाहीत.

प्रश्न : सासऱ्यांनी घरगुती मैफली आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवले होते. चाळीस कॅसेट आहेत, काहींवर पांढरी बुरशी आहे. ठेवाव्यात की टाकाव्यात? (नारायणबाग, इंदूर)

टाकू नका. सीडी की एलपी या वादात जे गाणं आहे, ते दहा ठिकाणी पुन्हा मिळेल. तुमच्या या चाळीस कॅसेटींची दुसरी प्रत जगात कुठेच नसेल.

बुरशीच्या वेगळ्या काढा, चांगल्या डेकमध्ये घालूच नका, बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्या कोरड्या जागी राहू द्या आणि जाणत्याकडून साफ करून घ्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली गुंडाळी सुटते. टेप उचलून धरणारी फेल्टची बारीक गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. फीत दुसऱ्या डबीत घालता येते.

डेकचा बेल्ट नवा हवा, हेड स्वच्छ हवं. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. तंबोरा वाजत असताना तो केसभर फिरवा, जवारी सगळ्यात उजळ ऐकू येईल तिथे थांबा. सासऱ्यांनी ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं, त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकशी जुळला की गाण्यावरची चादर उचलल्यासारखं होतं.

संगणकावर घेताना २४ बिट ठेवा, सगळ्यात मोठा आवाजही कमाल पातळीच्या ६ डेसिबल खालीच राहू द्या. मूळ फाइलवर खरखर काढायचे प्रयोग करायचे नाहीत. करायचे तर वेगळ्या प्रतीवर. एक प्रत तुमच्या घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

नव्वद मिनिटांची एक धरली तरी चाळीस कॅसेटींना साठ तास लागतील. घाई करू नका. कव्हरवर बहुधा ‘बागेश्री, भाग २’ एवढंच लिहिलेलं असेल. गायलं कोण, तबल्याला कोण होतं, कुणाच्या ओसरीवर बसले होते, हे सासूबाईंना आठवत असेल, तर यंत्र लावण्याआधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कॅसेटी आणखी महिनाभर थांबतील.