दुसऱ्या रनमध्ये सगळं हिरवं, तरी एन्जिनएक्स जुन्याच कॉन्फिगवर

तुमची अडचण अशी: सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या अ‍ॅन्सिबलने एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची साइट फाइल (एका साइटची कॉन्फिग) बदलली, पुढचं एक टास्क फेल झालं, ते दुरुस्त करून प्लेबुक (टास्कची यादी) परत चालवलं. एरर एकही नाही, पण सर्व्हर जुन्याच कॉन्फिगवर.

यात बग नाही. हँडलर, म्हणजे बदल झाला तरच चालणारी रीलोडसारखी टास्क, प्लेच्या (प्लेबुकच्या एका भागाच्या) शेवटी चालतात आणि मधलं टास्क फेल झालं की त्या होस्टवर (सर्व्हरवर) ते चालतच नाहीत. पुढच्या रनला टेम्प्लेट (साच्यातून फाइल लिहिणारं टास्क) बघतं तर फाइल आधीच बदललेली. मग ‘चेंज्ड’ नाही, नोटिफाय (हँडलरला सूचना) नाही, रीलोड (नवी कॉन्फिग वाचून घेणं) राहूनच गेला. आत्ता हाताने ‘एन्जिनएक्स -टी’ (कॉन्फिगची तपासणी) करून रीलोड द्या. पुढे ‘फोर्स हँडलर्स’ चालू ठेवा, म्हणजे टास्क फेल झालं तरी हँडलर चालतील, किंवा टेम्प्लेटच्या लगेच खाली मेटा टास्कने हँडलर फ्लश करा (तिथेच चालवून घ्या). मी फ्लशच करतो. बिघाड बदलाच्या शेजारीच दिसतो.

पण खुद्द हँडलरच फेल झाला तर पुन्हा तीच गत. म्हणून चुकीची फाइल जागेवर राहताच कामा नये. सुडोअर्स (सुडोच्या परवानग्यांची फाइल) किंवा एचएप्रॉक्सी (लोड बॅलन्सर) यांच्या कॉन्फिगला टेम्प्लेटचा ‘व्हॅलिडेट’ पुरतो: तात्पुरती फाइल तपासून मगच ती जागेवर जाते. एन्जिनएक्सच्या साइट फाइलला तो चालत नाही, कारण सर्व्हर ब्लॉक एकटा वैध नसतो, त्याला बाहेरचा एचटीटीपी ब्लॉक लागतो. तिथे ‘ब्लॉक’मध्ये (टास्कचा गट) बॅकअपसह टेम्प्लेट आणि मग ‘-टी’ची तपासणी, ‘रेस्क्यू’मध्ये (गट फेल झाला तरच चालणारा भाग) बॅकअप परत. टेम्प्लेट ‘चेंज्ड’ असेल तरच बॅकअप परत ठेवा, आणि फाइल पहिल्यांदाच आली असेल तर बॅकअप नसतो, ती काढून टाका. रेस्क्यूच्या शेवटी ‘फेल’ टास्क हवंच. नाहीतर होस्ट ‘रेस्क्यूड’ धरला जातो आणि प्ले पुढे सरकतो. ‘इग्नोर एरर्स’ मात्र कृपया इथे लावू नका, त्याने बिघाड फक्त झाकला जातो.

रीस्टार्टऐवजी रीलोड. कॉन्फिग चुकीची निघाली तर रीलोडमध्ये जुने वर्कर चालू राहतात; रीस्टार्टमध्ये साइटच बंद पडते.

तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपबाबत आणखी एक. सिस्टमडीत (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) ‘टाइप सिंपल’ असेल तर प्रोसेस सुरू होताच टास्क यशस्वी ठरतं, ती दोन सेकंदांनी मेली तरी. म्हणून ‘यूआरआय’ मॉड्यूलने हेल्थ पेज तपासा, ‘अनटिल’ आणि ‘रिट्राइज’ लावून, म्हणजे उत्तर येईपर्यंत ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न होतो. ‘रीस्टार्ट’ लावलेली सर्व्हिस सारखी पडत असेल तर डीफॉल्टनुसार १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून सिस्टमडी प्रयत्न सोडतो. तेव्हा आधी कारण काढा, मग ‘रीसेट-फेल्ड’ने ती मोजणी पुसा.

आणि ‘सिरिअल’ (एका वेळी किती होस्ट) १ ठेवा. पहिला होस्ट पडला की प्ले तिथेच थांबतो, बाकीच्यांना हात लागत नाही.