ग्राहकाचं नाव 'की' करू नका

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमची इंटरनेटची छोटी सेवा आहे. राउटरमधल्या नोंदी आता स्क्रिप्टने घालायच्या म्हणून स्वतःचं यांग मॉडेल (यांग ही अशा नोंदींचा साचा मांडायची भाषा) लिहितोय. जोडण्यांच्या यादीला 'की', म्हणजे प्रत्येक नोंद ओळखण्याची खूण, कोणती द्यावी यावर आम्हा भागीदारांचं जमत नाही. मी म्हणतो ग्राहकाचं नाव, तो म्हणतो राउटरचा इंटरफेस-क्रमांक. शिवाय रेस्टकॉन्फने (वेबसारखा पत्ता लिहून राउटरशी बोलायची पद्धत) गिगाबिटइथरनेट०/१ या पोर्टची माहिती मागितली की सापडत नाही असं उत्तर येतं, आणि पोर्ट तर चालू आहे!
— एक वाचक, विटा

उत्तर : दोन्ही नकोत.

तुमच्या भागात पाटील किती, हे मी सांगायला नको. पण नावं सारखी निघणं ही किरकोळ अडचण, गल्लीचं नाव जोडलं की भागतं. खरा घोळ नाव बदलताना होतो. जोडणी वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर जाते, दुकान विकलं जातं. यांगमध्ये (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज आरएफसी ७९५०, २०१६) एकदा घातलेल्या नोंदीची की बदलता येत नाही आणि नेटकॉन्फमध्ये (राउटरला बदल पाठवायचा प्रोटोकॉल) नाव बदलण्याची वेगळी क्रियाच नाही. जुनी नोंद काढा, नवी घाला, एवढंच हातात. राउटरच्या लेखी मात्र एक जोडणी गेली आणि दुसरीच आली. चालू सत्र तुटू शकतं, वापराची मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. बिलावरचं नाव बदललं म्हणून घरातलं नेट का बंद पडावं?

भागीदाराचा क्रमांक एसएनएमपी या उपकरणांवर देखरेख ठेवायच्या जुन्या प्रोटोकॉलच्या काळातला. आरएफसी २८६३ (२०००) त्याची हमी देते ती राउटरची व्यवस्थापन प्रणाली पुन्हा सुरू होईपर्यंतचीच. मध्ये नवं कार्ड बसवून राउटर रीस्टार्ट केलात तर त्याच पोर्टला वेगळा आकडा मिळू शकतो. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या इंटरफेस मॉडेलने (आरएफसी ८३४३) म्हणूनच 'नेम'ला की केलं आणि इफ-इंडेक्स, म्हणजे हाच क्रमांक, फक्त वाचण्यापुरता ठेवला.

मी असते तर तुमच्याच वहीतला जोडणी क्रमांक घेतला असता: ज-०४१७ असा, अर्थ नसलेला, जोडणी बंद झाली तरी दुसऱ्याला न देण्याचा. ग्राहकाचं नाव 'डिस्क्रिप्शन'मध्ये जाऊ द्या, तिथे ते हवं तेव्हा बदला. एकच आयपी दोघांना जाऊ नये ही काळजी असेल तर यादीवर त्या लीफचं (नोंदीतल्या रकान्याचं) नाव देऊन 'युनिक' लावा. तेवढ्यासाठी आयपीला की करू नका. व्हीएलॅनच्या, म्हणजे एकाच जाळ्यात पाडलेल्या आभासी जाळ्यांच्या, यादीची गोष्ट वेगळी. दोन टॉवरवर १०० हाच व्हीएलॅन स्वतंत्रपणे वापरत असाल तर टॉवर आणि व्हीएलॅन मिळून की करावी लागेल.

आधीच नावं घालून बसला असाल तर बदल तुकड्या-तुकड्यांनी करू नका. इतर नोंदी लीफरेफने (दुसऱ्या नोंदीचा संदर्भ ठेवणाऱ्या रकान्याने) जुन्या कीकडे बोट दाखवत असतील, तर नुसती जुनी नोंद काढायला गेलात की तपासणीत बदल नाकारला जाईल. नवी नोंद, लीफरेफमधली नवी की आणि जुन्या नोंदीची हकालपट्टी हे सगळं कँडिडेटमध्ये (बदलांच्या कच्च्या प्रतीत) भरून एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकदमच लागू होईल असं, पाठवा. आणि हे रात्रीच करा.

पोर्ट सापडत नाही तो नावातल्या तिरक्या रेघेमुळे. रेस्टकॉन्फमध्ये (आरएफसी ८०४०, २०१७) की पत्त्यातच लिहितात, त्यामुळे सर्व्हरला ती रेघ पत्त्याची पुढची पायरी वाटते आणि तो 'गिगाबिटइथरनेट०' नावाचा पोर्ट शोधत बसतो. रेघेच्या जागी %२एफ लिहा, म्हणजे 'इंटरफेस=गिगाबिटइथरनेट०%२एफ१'. स्क्रिप्टमधली लायब्ररी हे आपोआप करते असं गृहीत धरू नका. बऱ्याच जणी तिरकी रेघ मुद्दाम तशीच सोडतात.