आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मुलांसमोर सगळ्यात मोठी अडचण कोणती आहे?

एका शब्दात सांगायचं तर भूक. पण ती बारा महिने सारखी नसते. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच, आणि बहुतेक घरं त्या एका हंगामाच्या मक्यावर वर्ष काढतात. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला 'न्सिमा' हेच रोजचं जेवण. डिसेंबरच्या सुमारास घरातला साठा संपतो, नवा मका थेट मार्च-एप्रिलमध्ये हाती येतो. मधल्या महिन्यांत मका महाग, आणि नेमका तेव्हाच मलेरियाही वाढतो. अर्धपोटी मुलाला त्यात ताप आला की काय होतं, हे मेळघाटातला पावसाळा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. २०१५-१६ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या ३७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली होती.

प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, पण वर्ग खच्चून भरलेले आणि शिक्षक अपुरे. घरी खायला नसलं की मुलगी लवकर उजवली जाते. २०१७ मध्ये घटनादुरुस्ती करून लग्नाचं वय १८ केलं गेलं, तरी गावात शब्द चालतो तो पारंपरिक प्रमुखांचा. म्हणूनच डेड्झा जिल्ह्यात अशा प्रमुख राहिलेल्या थेरेसा काचिंदामोटो यांचं काम मला फार मोलाचं वाटतं: त्यांनी शेकडो बालविवाह मोडून मुलींना परत शाळेत धाडलं.

त्यात मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं आणि दक्षिणेकडची उभी पिकं, घरं, शाळा वाहून गेल्या.