बाराव्या केतूमुळे मोक्ष मिळतो आणि साडेसातीत साधना फळत नाही, हे खरं मानायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एका ज्योतिषांनी सांगितलं पत्रिकेत बाराव्या स्थानात केतू आहे म्हणजे मोक्षयोग, हा शेवटचा जन्म. दुसऱ्यांनी सांगितलं साडेसाती चालू आहे, आत्ता दीक्षा घेतलीत तर फळणार नाही, अडीच वर्षं थांबा आणि तोवर शनीसाठी नीलम रत्न घाला. आणि तुम्ही विचारताय की यातलं कुणाचं ऐकायचं आणि मुळात वैदिक ज्योतिष हे विज्ञान आहे की अध्यात्म. माझं मत आधीच सांगतो, दीक्षेचा निर्णय या दोघांपैकी कुणाच्याच बोलण्यावर ठेवू नका.

हे मी ज्योतिषाला नावं ठेवायची म्हणून लिहीत नाहीये. मला पत्रिका मांडता येते, दशा, म्हणजे आयुष्यातले एकेका ग्रहाचे कालखंड, काढता येतात, पंचांगाचं गणित तर मनापासून आवडतं. पण त्यामुळेच आतलं कुठे किती सैल आहे ते दिसतं.

केतूचंच घ्या ना. केतू हा आकाशात दिसणारा ग्रह नाही, चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते त्या दोन बिंदूंपैकी तो एक. एका राशीत तो साधारण दीड वर्ष असतो आणि लग्नरास (जन्मावेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथूनच स्थानं मोजतात) दर दोन तासांनी बदलते, म्हणजे त्या दीड वर्षात रोज दोनेक तास असे येतात की तेव्हा जन्मलेल्या प्रत्येकाच्या बाराव्यात केतू असतोच. ढोबळमानाने दर बारा माणसांत एक. त्यात पुन्हा लग्नाचे अंश मागेपुढे असले की भावचलित कुंडलीत, म्हणजे जिथे स्थानं अंशांवरून मोजतात तिथे, हाच केतू अकराव्यात किंवा पहिल्यात जातो, अकरावं तर लाभाचं स्थान, मग मोक्षाचा केतू एकदम लाभातला होतो आणि त्याचं फळ वेगळं सांगितलं जातं. साडेसातीचं पण तसंच. शनीला बारा राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यातली साडेसात साडेसातीची (शनी आपल्या चंद्रराशीच्या आधीच्या, त्या आणि पुढच्या राशीत असतो ती), म्हणजे कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते, जवळजवळ पाव जगाला. शनी चंद्रराशीपासून चौथ्या किंवा आठव्या राशीत असतानाची अडीच वर्षं, म्हणजे अडीचकी, तीही धरली तर बारातल्या पाच राशी झाल्या. मंगळाचंही गणित करून बघा, १, ४, ७, ८, १२ यातल्या कुठल्याही स्थानात मंगळ आला की मंगळी, म्हणजे बारात पाच, आणि काही जण दुसरं स्थानही धरतात म्हणजे निम्मे लोक. इतक्या लोकांना एकाच वेळी लागू पडणारं वाक्य तुमच्याबद्दल खास असं काय सांगणार?

आता दशा. हे तुम्ही स्वतः करून बघा, कुठल्याही कुंडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची तो आकडा, लाहिरीवरून रामन करा, या तो ठरवायच्या दोन पद्धती. दोघांत साधारण दीड अंशाचा फरक आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला, आणि विंशोत्तरी या नेहमीच्या दशापद्धतीत जन्माच्या वेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेलाय त्यावर पहिली दशा किती उरली ते ठरतं. जन्मनक्षत्र भरणी असेल तर पहिली दशा शुक्राची, २० वर्षांची, मग तेवढ्याशा फरकाने पुढच्या सगळ्याच दशांच्या तारखा दोन वर्षांहून जास्त सरकतात. कृत्तिका असेल तर पहिली दशा रवीची ६ वर्षांची, तिथे आठेक महिने सरकतात. तुम्हाला सांगितलेली दीक्षेची, नोकरीची, आजाराची वेळ कुठल्या सेटिंगची आहे? जन्मवेळेचंही तेच, चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे भरणीवाल्याची जन्मवेळ एका तासाने चुकली तर दशा दहा महिन्यांनी हलते. आणि जन्मवेळ म्हणजे नक्की कुठली, डोकं बाहेर आलं ती, पहिलं रडणं, का नाळ कापली ती, यावरही सगळ्यांचं एकमत नाही.

लाहिरी अयनांश सरकारी आहे म्हणून तोच बरोबर असं बरेच जण म्हणतात. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणेची समिती नेमली होती, ज्यांच्या नावाचा हा अयनांश ते लाहिरी तिचे सचिव होते, आणि तिचं काम देशभराच्या पंचांगांत एकवाक्यता आणणं हे होतं. कुणाचं लग्न कधी होईल हे कुठल्या अयनांशाने जुळतं याचा त्या कामाशी संबंध नाही.

पण माझी खरी अडचण या सैलपणाची नाही, मोजमापं कुठल्याही विद्येत सुधारता येतात. अडचण अशी आहे की पत्रिका कधी 'नाही' म्हणतच नाही. समजा बाराव्या केतूचा माणूस आयुष्यभर पैशाच्या मागे धावला, तर उत्तर तयार असतं, केतूवर शुक्राची दृष्टी आहे, नवमांश या पोटकुंडलीत केतू बिघडलाय, दशाच लागली नाही, आणि काहीच जमलं नाही तर जन्मवेळ चुकलीय. मग जन्मवेळ शुद्धीकरण करायचं, म्हणजे लग्नाची तारीख, वडील गेले ती तारीख, अपघाताची तारीख घ्यायची आणि वेळ पाच-दहा मिनिटं पुढेमागे करत राहायची, जोवर सगळं बसत नाही तोवर. असं जुळवल्यावर ते जुळणारच, आणि मग तीच पत्रिका पुढचं भविष्य सांगायला वापरायची. काय झालं असतं तर आम्ही चुकलो असं म्हणू, हे आधी सांगायची तयारी असेल तर त्याला विज्ञान म्हणता येतं. इथे ती तयारी मला कुठे दिसली नाही.

तपासून बघितलंय का कुणी, तर बघितलंय. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या, ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं, प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या आणि फक्त एवढंच विचारलं की यातली कुठली पत्रिका कुठल्या गटातली. पन्नासेक जणांनी तयारी दाखवली, उत्तरं पाठवली २७ जणांनी. नाणं उडवून ४० पैकी २० बरोबर येतात, यांची सरासरी २० च्याही खाली आली, आणि ज्याने सगळ्यात चांगलं केलं त्याचे २४. एका संस्थेला सगळ्या २०० पत्रिका दिल्या होत्या, त्यांचे १०२ बरोबर. बुद्धी ही काही बारीकसारीक गोष्ट नाही हो, पंचमस्थान, बुध, चंद्र, सगळे नियम तिच्यासाठी ठरलेले आहेत. तीच ओळखता येत नसेल तर मोक्ष ओळखता येतो यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

कुणी तुम्हाला म्हणेल की विद्यापीठात शिकवतात, कोर्टानेही मान्य केलंय. २००१ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तसे अभ्यासक्रम आणले आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली हे खरं, पण कोर्टाने काही पत्रिका तपासल्या नव्हत्या, काय शिकवायचं हा धोरणाचा प्रश्न म्हणून त्यात हात घातला नाही.

वेदांतलं आहे म्हणून पवित्र, असंही नाही. लगधाचं वेदांग ज्योतिष हे जुनं पुस्तक यज्ञाची वेळ काढण्यासाठीचं आहे, तिथी, नक्षत्रं, अयनं, पाच वर्षांचं युग, सगळं कालगणनेचं. त्यात बारा राशी नाहीत, जन्मकुंडली नाही, साडेसाती नाही. जातक, म्हणजे जन्मपत्रिकेवरून भविष्य सांगणं, म्हणून जे आपण बघतो ते नंतर ग्रीकांकडून बरंच काही घेऊन इथे वाढलं, आणि वराहमिहिर या जुन्या ज्योतिषाने यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, या शास्त्रातला अधिकार मोकळेपणाने मान्य केलाय. त्यात कमीपणा काही नाही, फक्त वेदवाक्य म्हणून घाबरून जाऊ नका.

आता साधनेचं, कारण तुमच्यासाठी खरा प्रश्न हाच आहे. पतंजलींनी चित्त आवरायला अभ्यास आणि वैराग्य सांगितलं, तिथे शनी कुठे आहे ही अट नाही. गीतेत तर अतिशय दुराचारी माणसालाही अनन्य भक्तीचा रस्ता मोकळा ठेवलाय. ज्ञानेश्वर महाराज हरिपाठात सांगतात की नाम घ्यायला काळवेळ नाही. तुकोबा भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा कंटाळा आहे असं सरळ म्हणतात. मनुस्मृतीत संन्याशाने नक्षत्रविद्येवर भिक्षा मिळवू नये असं आहे. एवढ्या वेगवेगळ्या वाटांची माणसं एकच बोलतायत, आणि तुम्ही अडीच वर्षं थांबायचा विचार करताय! थांबलात तर नुकसान दोन्हीकडून आहे बघा, साडेसातीला घाबरलात तर साधना सुरूच होत नाही, आणि मोक्षयोगावर विसंबलात तर आपला राग, आपला हव्यास यांच्याकडे बघायची गरजच वाटत नाही, कारण शेवटचा जन्म तर ठरलेलाच आहे. मला दुसरी गोष्ट जास्त घातक वाटते, तिच्यात भीती नसल्यामुळे माणूस सावधच होत नाही.

दीक्षा घ्यायची की नाही हे ठरवायला गुरूंकडे बघा. ते पैशाबद्दल काय बोलतात, प्रश्न विचारला तर चिडतात का, त्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं असलेली माणसं घरच्यांशी कशी वागतात. वेळ घ्यायचाच असेल तर तो यासाठी घ्या. नीलम घेऊ नका, आणि घेतला असेलच तर परत करता येतो का ते आजच विचारा. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की हे सगळं ऐकल्यापासून रात्र रात्र झोप लागत नाही, ते असंच चालू राहिलं तर ज्योतिषांकडे तिसऱ्यांदा न जाता सरळ डॉक्टरांकडे जा.