एनएल प्युअर, व्हिक्टरी एसएफ की नॉक्टिव्हिड : सगळ्यात स्पष्ट कोणती?

तुम्ही स्वारोव्स्कीची एनएल प्युअर, झाइसची व्हिक्टरी एसएफ आणि लायकाची नॉक्टिव्हिड अशा तीन ८×४२ (म्हणजे ८ पट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिमीचं) दुर्बिणींतली सगळ्यात स्पष्ट कोणती, असं विचारलंय. चष्मा लावता आणि पक्षी बघायला भिगवणला जाता हेही लिहिलंय, म्हणून त्या बेताने सांगतो.

मधोमध बघाल तर तिघींत डावंउजवं करणं जवळपास अशक्य आहे, कारण तिथे कमी पडतो तो आपला डोळा. निरोगी नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. ८ पट मोठं करून बघितलं तर हा तपशील साडेसात सेकंदांचा होतो (हे कोनाचे सेकंद, अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक). ४२ मिमीचं निर्दोष भिंग मात्र पावणेतीन सेकंदांपर्यंतचा तपशील दाखवू शकतं. शिवाय भर उन्हात डोळ्याची बाहुली अडीच मिमीची झाली, की ४२ मिमीपैकी मधले २० मिमीच कामाला येतात. त्यामुळे 'हिची शार्पनेस तिच्यापेक्षा भारी' ही दुकानातली चर्चा मी कानाआड करतो. प्रकाश ९१ टक्के येतो की ९२, हा वादही तसलाच. तो फरक डोळ्याला कळत नाही.

खरा फरक पडतो तो झळाळीत. सकाळी होडीतून उगवतीकडे बघताना चित्राच्या खालच्या भागात दुधट पडदा पसरतो आणि बदकाचे रंगच धुऊन जातात. नळीच्या आतल्या भिंतीवरून आणि लोलकाच्या कडांवरून उसळलेला प्रकाश हे त्याचं कारण. भरपूर महागडी दुर्बीणही इथे गडबडू शकते, आणि डोळा दोन मिमी वरखाली झाला तरी चित्र पालटतं. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. इमारतीच्या सावलीत उभं राहून सूर्य ज्या बाजूला आहे तिकडच्या गर्द झाडाकडे स्वतः बघा. सूर्याकडे मात्र चुकूनही नको.

रंगीत कडेसाठी पाणकावळा उत्तम. वाळक्या फांदीवर बसलेला, मागे पांढरं आभाळ. आधी तो मधोमध घ्या, मग हळूहळू कडेला सरकवा. मानेच्या एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट रेघ कुठून दिसायला लागते ते बघा. चांगल्या दुर्बिणीतही अगदी कडेला थोडी दिसणारच.

दृश्याच्या रुंदीत मात्र आकडेच बोलतात. हजार मीटरवर एनएल १५९ मीटर दाखवते, एसएफ १४८, नॉक्टिव्हिड १३५. पट्टकादंबांचा थवा उठला की हा फरक लगेच जाणवतो. एनएलचं चित्र कडेपर्यंत रेखीव असतं, नॉक्टिव्हिडची कड त्यामानाने मऊ. पण कडेजवळच्या सरळ रेषाही अगदी सरळच दिसतील अशी दुर्बीण बनवली, की दुर्बीण आडवी फिरवताना दृश्य गोलावरून घरंगळल्यासारखं वाटतं. काहींना त्याने गरगरतं, काहींना पत्ताही लागत नाही. लांबलचक कुंपणावरून नजर फिरवा, म्हणजे तुम्ही कुठल्या गटातले ते कळेल.

चष्म्याचं काय? पूर्ण चित्र दिसायला डोळा मागच्या भिंगापासून जितका लांब ठेवता येतो, ते अंतर (आय रिलीफ) कागदावर एनएल आणि एसएफला १८ मिमी आहे, नॉक्टिव्हिडला १९. पण हे अंतर भिंगापासून मोजलेलं असतं; भिंग कडीच्या आत खोल असेल तर दोनेक मिमी तिथेच जातात. तुमचाच चष्मा लावून, डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली करून बघा. गोलाची काळी किनार चहूबाजूंनी दिसली पाहिजे.

तुमच्या वापराला मी एनएल घेईन, पाण्यावरच्या थव्यांसाठी. गरगरत असेल तर बिनधास्त नॉक्टिव्हिड. तिचे रंग मला तिघींत सगळ्यात जास्त आवडतात. एसएफ मधली, आणि वजनाला सगळ्यात हलकी, ७८० ग्रॅमच्या आसपास.

आणि डेमोची बघून सीलबंद डबा उचलू नका. जो नग घरी न्यायचा तोच उघडून लांबच्या टॉवरकडे पाच मिनिटं बघा. डोळे ताणल्यासारखे वाटले तर दुसरा नग मागा.