युक्रेनचा प्रोग्रेसिव्ह सोशालिस्ट पक्ष संसदेत कधी होता? 1998 नंतरच्या निकालांत त्याचं नाव का सापडत नाही?

संसदेत तो एकदाच पोचला, 1998 साली. नंतर नाव सापडत नाही, कारण 2002 आणि 2006 या दोन्ही निवडणुका त्याने आघाडी करून लढवल्या. त्यामुळे निकालात पक्षाच्या नेत्यांच्या नावाचा ‘नतालिया वित्रेंको ब्लॉक’ (म्हणजे आघाडी) शोधा; 2006 ला त्यापुढे ‘जनतेचा विरोधी पक्ष’ अशा अर्थाची जोड आहे. 2007 ला पक्ष पुन्हा स्वतःच्या नावाने दिसतो: 1.32 टक्के.

मूळ भांडण ओलेक्सांद्र मोरोज यांच्या सोशालिस्ट पक्षातलं. मोरोज सरकारशी फारच जुळवून घेतात, असं म्हणत वित्रेंको आणि व्होलोदिमिर मार्चेंको बाहेर पडले आणि 1996 मध्ये हा पक्ष निघाला. आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) नको, नाटो नको, रशिया-बेलारूसशी जवळीक हवी, ही त्यांची भूमिका. 1998 ला पक्षाच्या यादीला संसदेत जागा मिळायला किमान 4 टक्के मतांची अट होती, यांना 4.04 मिळाले. सुमी प्रांताने हात दिला.

1999 च्या अध्यक्षीय निवडणुकीत वित्रेंको चौथ्या आल्या, 10.97 टक्के. प्रचारात त्यांच्यावर हातबॉम्ब फेकले गेले, त्या जखमी झाल्या. डावी मतं फोडायला तेव्हाचे अध्यक्ष कुच्मा यांनीच त्यांना उभं केलं, हा आरोप तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. आकडे पाहा: मोरोजही उभे होते, त्यांना 11.29, म्हणजे वित्रेंको आणि मोरोज मिळून 22.26; दुसऱ्या क्रमांकाच्या कम्युनिस्ट सिमोनेंकोंच्या 22.24 पेक्षा किंचित जास्त. फूट कुच्मांच्या पथ्यावर पडली हे उघड आहे, पण त्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, असं माझं मत.

2006 ची गोष्ट जास्त चटका लावणारी. अट 3 टक्क्यांवर आली होती आणि ब्लॉकला मिळाले 2.93, सुमारे 17 हजार मतं कमी पडली. गोम टक्का काढण्याच्या रीतीत होती. तिथे तेव्हा मतदानाला आलेल्या सगळ्यांच्या संख्येने भागत, म्हणजे बाद मतं आणि ‘सर्वांच्या विरोधात’ (आपल्याकडच्या नोटासारखी) मतंही छेदात येत. फक्त याद्यांना पडलेली मतं धरली असती, तर हाच आकडा 3 च्या किंचित वर गेला असता. वित्रेंकोंनी मात्र फेरफाराचा आरोप केला आणि फेरमोजणी मागितली. नियमाचा हा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला.

2007 नंतर पक्षाचा जोर ओसरला होता. मार्च 2022 मध्ये, रशियाच्या आक्रमणानंतर, ज्या 11 पक्षांचं काम थांबवण्यात आलं त्यांत हा होता. पुढे न्यायालयाने बंदी घातली.