बाळंतपणाला आईकडे गेलीयस ना, मग हे ऐक
अगं सव्वा महिना आईला तिच्या मनासारखं करू दे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, गपचूप खा, नखरे नकोत. फक्त धुरी आणि मध-घुटीला ठाम नाही म्हण, 6 महिने अंगावरचंच दूध, पाणीसुद्धा नको, डॉक्टरांचं नाव पुढे कर म्हणजे ती रुसणार नाही :) रात्री बाळ रडलं की न बोलवता उठून येते, खांद्यावर टाकून थोपटत ढेकर काढते, तेव्हा थँक्यू-बिंक्यू म्हणू नकोस, हसेल ती, त्यापेक्षा दुपारी तिला तासभर झोपव आणि तुझ्या वेळचं बाळंतपण कसं झालं ते विचार, कशी खुलते बघ. आणि मजा पण घे गं, न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूचा वास, तो घे मनसोक्त. कायद्यानं 26 आठवडे रजा मिळत असेल तर पूर्ण घे, ऑफिस कुठं पळून जात नाही.